‘जसं होतं तसं’ म्हणजे नक्की कोणत्या सालचं?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, खुद्द केशवरावांची जयंती होती. छत गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. त्यानंतर कोल्हापूरच्या कलाकारांची आणि रसिकांची एकच मागणी होती: नाट्यगृह जसं होतं तसंच उभं करा.

या मागणीमागची भावना समजायला अवघड नाही. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून या वाक्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू. ‘जसं होतं तसं’ म्हणजे कसं? १९१५ सालचं, ७ ऑगस्ट २०२४ चं, की मधल्या कुठल्या तरी सालचं? आणि ‘तसंच झालं’ हे आपण कशावरून ठरवणार?

विषय नाट्यगृहाचा असला तरी हा लेख फक्त नाटकवाल्यांसाठी नाही. पेट देणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या आणि ‘सर, टॉपिक सुचत नाही’ म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. कारण बदल मोजायचा असेल तर बदलाच्या आधीची स्थिती नोंदवलेली असावी लागते, ही संशोधनातली एक मूलभूत गोष्ट या इमारतीच्या निमित्ताने फार स्वच्छ दिसते.

आधी इमारतीची हकीकत

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. तिथली क्रीडागृहं आणि नाट्यगृहं त्यांनी पाहिली. परत आल्यावर कोल्हापुरात दोन मोठ्या वास्तू शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, एक खासबाग कुस्ती मैदान आणि दुसरं पॅलेस थिएटर. कुस्ती आणि नाटक या दोन्ही गोष्टींना राजाश्रय देणारा राजा होता, त्यामुळे ही शेजारसंगत योगायोगाची नाही. पॅलेस थिएटरचं काम १९१३ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये ते खुलं झालं.

तो काळ संगीत नाटकाचा. माईक नाही, स्पीकर नाही. नटाने गळ्यातून काढलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं काम नटाचं आणि इमारतीचं, दोघांचं मिळून. केशवराव भोसले हे त्याच कोल्हापूरचे. जन्म १८९०. १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. जुलै १९२१ मध्ये मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय फक्त एकतीस.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाचं थिएटर लोकांचं झालं आणि १९५७ मध्ये त्याला केशवरावांचं नाव मिळालं. पुढे महापालिकेकडे असताना त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, शताब्दीच्या सुमारास मोठं नूतनीकरण झालं. नंतर आग आणि आता पुनर्बांधणी.

एकाच इमारतीत अनेक सालं

म्हणजे २०२४ साली जळालेली इमारत ही १९१५ ची इमारत नव्हती. भिंती जुन्या, खुर्च्या नव्या, दिवे त्याहून नवे. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे काहीतरी काढलं आणि काहीतरी घातलं. जुन्या नाट्यगृहांचं सगळीकडे असंच असतं. आपल्या आजोबांच्या वाड्याचंही असंच असतं: माळवद जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आला, तरी आपण त्याला ‘जुना वाडा’च म्हणतो.

जतनाचं काम करणाऱ्यांना त्यामुळे आधी साल निवडावं लागतं. जर्मनीतल्या बायरॉइट नावाच्या छोट्या शहरातलं उदाहरण बघा. तिथलं मारग्रेव्हियल ऑपेरा हाउस १७४८ मध्ये सुरू झालं. आतलं सगळं काम लाकूड आणि कॅनव्हासचं, त्यावर रंगकाम. २०१२ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि त्याच वर्षी जतनाच्या मोठ्या कामासाठी बंद झालं. उघडलं थेट एप्रिल २०१८ मध्ये. आता तिथे अडचण अशी होती की १९३० च्या दशकात एक नूतनीकरण होऊन गेलं होतं. त्यात जुन्या रंगावर नवे थर चढले होते आणि रंगमंचाची चौकटही मूळ मापाची राहिली नव्हती. मग १९३० च्या दशकातला थर हासुद्धा इतिहासच ना? तो ठेवायचा की काढायचा? तिथे ठरलं: काढायचा. चौकट मूळ मापाची करायची, खालचा अठराव्या शतकातला रंग मोकळा करायचा. याला नुसती दुरुस्ती म्हणता येणार नाही. पुरावे तपासून, कारणं देऊन घेतलेला तो निर्णय होता.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचंही तसंच. १९११ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, पुढे ते सिनेमागृह झालं, १९९० च्या दशकात बंद पडलं आणि आभा नारायण लांबा यांच्या जतनकामानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथेही सिनेमाचा काळ पुसून ऑपेराचा काळ परत आणायचा, अशी निवड करावी लागली.

पण साल निवडलं म्हणजे सगळं तसंच करता येतं असंही नाही. १८८१ च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नाच्या रिंगथिएटरला आग लागली आणि शेकडो प्रेक्षक मेले. त्यानंतर युरोपात रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये लोखंडी पडदा, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं, असे नियम कडक झाले. आज कुणी १९१५ चं नाट्यगृह हुबेहूब बांधलं तर त्याला अग्निशमनाचा दाखला मिळणार नाही, आणि मिळूही नये. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला रॅम्प हवा. बाहेर ट्रॅफिक आहे, दारं बंद ठेवायची तर हवा खेळती ठेवण्याची सोय हवी. तेव्हा ‘जसं होतं तसं’ या मागणीचा खरा अर्थ ‘यातलं काय बदललं तरी चालेल आणि काय बदललेलं चालणार नाही’ असा प्रश्न आहे. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर चल कोणते आणि स्थिर कोणते, हे ठरवायचं आहे.

फोटोत न येणारी गोष्ट

रंग, नक्षी, कमानी फोटोत येतात. नाट्यगृहाचा आवाज फोटोत येत नाही. आणि नाट्यगृह तर मुळात ऐकण्यासाठी असतं.

नववीच्या विज्ञानात आपण निनाद शिकलोय. आवाज थांबल्यावरही भिंतींवरून, छतावरून परतणाऱ्या लहरींमुळे तो काही काळ रेंगाळतो, तो निनाद. हा रेंगाळण्याचा काळ मोजता येतो. आवाजाची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. इंग्रजी पेपरांत याला रिव्हर्बरेशन टाइम म्हणतात.

साधारण हिशेब असा: संवादप्रधान नाटकाला एक सेकंदाच्या आसपासचा निनादकाल बरा, म्हणजे शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. ऑपेरासारख्या गायन-नाट्याला थोडा जास्त, सव्वा ते दीड सेकंद. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या जवळपास. संगीत नाटकाला शब्दही हवा आणि सूरही, त्यामुळे त्याची जागा संवाद आणि ऑपेरा यांच्या मध्ये कुठेतरी येणार, असं अनुमान आपण करू शकतो. तान संपल्यावर सूर क्षणभर हवेत राहिला पाहिजे, पण पुढच्या संवादाच्या आड येता कामा नये.

याचं गणित पहिल्यांदा बसवलं ते वॉलेस क्लेमेंट साबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये त्याला विद्यापीठाने काम दिलं: फॉग आर्ट म्युझियमच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नाही, काहीतरी करा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत होता. एवढ्या वेळात बोलणारा माणूस पुढचं अख्खं वाक्य बोलून मोकळा होतो.

साबिनकडे ना मायक्रोफोन ना कॉम्प्युटर. एक ऑर्गनची नळी, एक वेळ नोंदवणारं यंत्र आणि स्वतःचे कान. शांतता हवी म्हणून तो रात्री काम करायचा. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणायच्या, हॉलमध्ये पसरायच्या, आवाज किती वेळात विरतो ते मोजायचं, आणखी गाद्या पसरायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळी थिएटर उघडायच्या आत गाद्या परत. शोषणाचं पहिलं माप त्याने गादीच्या लांबीत घेतलं होतं!

यातला एक तपशील प्रत्येक पीएच.डी.वाल्याने भिंतीवर लावावा असा आहे. साबिनच्या लक्षात आलं की त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात, आणि ते रोज वेगळे असतात. त्याने आधीच्या हजारो नोंदी बाद केल्या आणि नंतरच्या प्रयोगांत एकच ठरलेला पोशाख घातला. चलांवर नियंत्रण ठेवायचं म्हणजे काय, हे मला तरी एवढ्या सोप्या शब्दांत दुसरीकडे सापडलेलं नाही.

यातून निघालेलं सूत्र सोपं आहे: निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले हॉलचं घनफळ (घनमीटरमध्ये), भागिले एकूण शोषण (चौरस मीटरमध्ये). हॉल मोठा तर निनाद जास्त, शोषण जास्त तर निनाद कमी. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच कामाच्या आधारावर बांधला गेला.

नुसत्या खुर्च्या बदलल्या तर?

आता हे सूत्र वापरून बघू. पुढचे आकडे कोल्हापूरच्या नाट्यगृहाचे नाहीत, समजण्यासाठी घेतलेल्या एका कल्पित हॉलचे आहेत. लांबी २५ मीटर, रुंदी २० मीटर, उंची ८ मीटर. घनफळ ४,००० घनमीटर. भिंती, छत, पडदे, जमीन यांचं मिळून शोषण ३०० चौरस मीटर धरू. खुर्च्या ५००.

पहिली स्थिती: साध्या लाकडी खुर्च्या, हॉल रिकामा. एका लाकडी खुर्चीचं शोषण फार कमी, ०.०५ धरू. एकूण शोषण ३२५. निनादकाल ०.१६१ × ४,००० ÷ ३२५, म्हणजे जवळपास २ सेकंद.

दुसरी स्थिती: त्याच हॉलमध्ये गादीच्या खुर्च्या, हॉल रिकामाच. एका खुर्चीचं शोषण ०.३ धरू. एकूण ४५०. निनादकाल सुमारे १.४ सेकंद.

तिसरी स्थिती: गादीच्या खुर्च्या आणि हाउसफुल्ल. माणसासकट एका खुर्चीचं शोषण ०.५ धरू. एकूण ५५०. निनादकाल सुमारे १.२ सेकंद.

इथे एक गंमत दिसते. लाकडी खुर्च्या असताना रिकामा हॉल आणि भरलेला हॉल यांत खूप फरक पडायचा, कारण खुर्च्यांच्या जागेचं शोषण जवळजवळ सगळं माणसांचंच. त्यामुळे तालमीत एक आवाज आणि प्रयोगात दुसरा. गादीच्या खुर्च्या आल्या की हा फरक कमी होतो. नटाच्या दृष्टीने ही सोयच झाली.

चौथी स्थिती: एसीसाठी फॉल्स सीलिंग घातलं आणि उंची ८ वरून ६ मीटर झाली. घनफळ ३,००० झालं. बाकी काही बदललं नाही असं धरलं तर हाउसफुल्ल हॉलचा निनादकाल आला सुमारे ०.९ सेकंद. प्रत्यक्षात सीलिंगचा माल स्वतःही आवाज शोषतो, म्हणजे आकडा आणखी खाली जाईल.

बघा, कुणीही ‘आवाज बदलूया’ असं ठरवलं नव्हतं. कुणाला आरामशीर खुर्ची हवी होती, कुणाला गारवा. पण दोन सेकंदांचा हॉल एक सेकंदाच्याही खाली आला. संवाद आता स्वच्छ ऐकू येतील, पण गाणाऱ्याला हॉल कोरडा वाटेल, मग तो माईक मागेल. माईक आला की स्पीकर आले, आणि मूळ इमारतीचा आवाज कसा होता हे कळायचं साधनच संपलं. कुणाचा दोष नाही. फक्त कुणी आधी मोजलं नाही.

एक सावधगिरी: साबिनचं सूत्र म्हणजे सगळं ध्वनिशास्त्र नाही. आवाज हॉलमध्ये सगळीकडे सारखा पसरतो असं ते गृहीत धरतं. निनादकाल सारखाच असलेल्या दोन हॉलमध्ये ऐकण्याचा अनुभव वेगळा असू शकतो, कारण पहिले परावर्तित आवाज किती लवकर आणि कुठून येतात याला फार महत्त्व आहे. म्हणूनच आयएसओ ३३८२ या मानकात प्रयोगगृहांसाठी निनादकालाबरोबर स्पष्टतेची आणि इतरही मापं सांगितली आहेत. एकच आकडा काढून ‘मूळ आवाज परत आणला’ म्हणणं, हे एका विद्यार्थ्याच्या मार्कांवरून अख्ख्या वर्गाचा निकाल लावण्यासारखं आहे.

व्हेनिसमध्ये कुणीतरी आधी मोजलं होतं

२९ जानेवारी १९९६ ला व्हेनिसचं ला फेनिचे हे १७९२ सालचं ऑपेरागृह जळालं. तिथेही मागणी तीच: ‘जसं होतं, जिथे होतं’. इटालियन भाषेत ही जुनीच म्हण आहे. १९०२ मध्ये सेंट मार्क चौकातला उंच मनोरा कोसळला तेव्हापासून व्हेनिसचे लोक ती वापरतात.

वास्तुरचनाकार आल्दो रॉसी यांच्या आराखड्यावरून नवं फेनिचे उभं राहिलं आणि डिसेंबर २००३ मध्ये खुलं झालं. आतल्या सजावटीचा तपशील कुठून मिळवला? इतर साधनांबरोबर एका चित्रपटातून. लुकिनो व्हिस्कोंती यांच्या १९५४ सालच्या ‘सेन्सो’ या चित्रपटाचा सुरुवातीचा भाग त्याच थिएटरमध्ये चित्रित झाला होता, त्यातल्या दृश्यांचा उपयोग झाला. चित्रपट काढणाऱ्याला काय माहीत की पन्नास वर्षांनी आपली रिळं पुरावा म्हणून लागतील?

आवाजाचं मात्र नशीबच म्हणायचं. आगीच्या थोडंच आधी लांबेर्तो त्रोंकिन या संशोधकाने त्या थिएटरची ध्वनी-मोजमापं घेतली होती. हॉलमध्ये एक आवाज सोडायचा आणि बसायच्या जागी तो कसा पोचतो हे दोन कानांच्या जागी मायक्रोफोन ठेवून नोंदवायचं, अशी ती पद्धत. आंजेलो फारिना यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजमापं घेतली तेव्हा तो अनेक थिएटरांपैकी एका थिएटरचा डेटा होता. काही काळातच तो अस्तित्वात नसलेल्या इमारतीच्या आवाजाची नोंद झाला.

पॅरिसच्या नोत्र दामचंही तसंच. २०१९ मध्ये आग लागली, पण ब्रायन कॅट्झ यांच्या गटाने २०१३ मध्येच तिथला आवाज मोजून ठेवला होता. आधीची आणि नंतरची तुलना करता येते ती केवळ त्यामुळे.

हे दोन्ही अभ्यास करताना कुणाला आगीची कल्पना नव्हती. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्यांनाही कुणीतरी विचारला असणारच. तुम्हालाही विचारतील. त्यावर एक उत्तर असं: चांगली नोंद ठेवली की उपयोग करणारा नंतर येतो.

आणि आधी मोजलेलंच नसेल तर?

बहुतेक जुन्या इमारतींची अशी नोंद नसते. तिथे संशोधकाचं काम संपत नाही, उलट तिथेच सुरू होतं. पुरावे कुठे असू शकतात?

पहिला पुरावा इमारत स्वतः. भिंती उभ्या असतील तर लांबी, रुंदी, छताच्या टेकणीची उंची मोजता येते, म्हणजे घनफळ मिळतं. जुने फोटो आणि नकाशे असतील तर कोणता पृष्ठभाग कशाचा होता हे कळतं. मग कॉम्प्युटरवर हॉलचं मॉडेल बांधून वेगवेगळ्या सालांतला आवाज अंदाजाने काढता येतो. १९१५ चा एक, १९५७ चा एक, आगीच्या आधीचा एक.

दुसरा पुरावा ध्वनिमुद्रणं. नाट्यस्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, गाण्याचे कार्यक्रम यांचे व्हिडिओ लोकांच्या घरी पडलेले असतात. हॉलमध्ये टाळी वाजली, नगारा वाजून थांबला, की त्या शेवटात निनाद असतो. बोलण्याच्या मुद्रणावरून निनादकालाचा अंदाज काढायच्या पद्धतींवर गेली काही वर्षं बरंच काम चालू आहे. अडचणीही आहेत: आवाज माईकमधून आलाय की थेट, कॅमेरा कुठे होता, फाइल किती दाबून छोटी केलीय. पण अडचण आहे म्हणूनच तो विषय आहे. ‘लिटरेचर गॅप’ शोधत बसलेल्यांनो, इथे एक आहे. मराठी नाट्यगृहांच्या जुन्या मुद्रणांवरून त्यांचा आवाज शोधता येईल का, आणि त्या अंदाजात चूक किती असेल?

तिसरा पुरावा माणसं. जुने नट, ऑर्गनवाले, तबलजी, पडदेवाले, डोअरकीपर. ‘इथे गायला मजा यायची’, ‘डाव्या बाजूच्या मागच्या रांगेत ऐकू यायचं नाही’ ही विधानं लिहून घ्यायची. जुन्या थिएटरांबद्दल गावोगाव ऐकायला मिळतं की रंगमंचाखाली पोकळी ठेवलीय म्हणून आवाज घुमतो. हे ऐकून लगेच हसायचं नाही आणि लगेच पेपरातही लिहायचं नाही. ते गृहीतक म्हणून मांडायचं: पोकळीमुळे कोणत्या वारंवारतेला किती फरक पडायला हवा? तो मोजता येईल इतका आहे का? आठवण हा पुरावा आहे, पण तिच्यातली तपासून पाहता येईल अशी बाजू शोधणं हे आपलं काम.

बारामती-इंदापुरात बसून काय करता येईल?

संशोधन म्हटलं की पुण्या-मुंबईची लॅब डोळ्यांपुढे येते. पण हॉल तर आपल्याकडेही आहेत. बारामतीत नटराज नाट्य कला मंदिर आहे, विद्या प्रतिष्ठानचं गदिमा सभागृह आहे, कॉलेजांचे सेमिनार हॉल आहेत, दोन्ही तालुक्यांत गल्लोगल्ली मंगल कार्यालयं आहेत. त्यातलं कुठलं ना कुठलं येत्या काही वर्षांत नव्याने सजवलं जाणारच. पी.ओ.पी. येईल, एसी येईल, भिंतींना पॅनेल लागतील.

त्याच्या आधी एक रिकामी दुपार मागून घ्या. रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन. टेपने मापं घ्या. प्रत्येक पृष्ठभागाचा फोटो आणि क्षेत्रफळ लिहा. पंखे बंद करा. मोठा फुगा फोडा आणि चांगल्या रेकॉर्डरवर नोंद घ्या, निदान सहा वेगवेगळ्या जागी, प्रत्येक जागी तीनदा. फोन वापरणार असाल तर आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद असल्याची खात्री करा, नाहीतर फोन निनादाचा आलेख स्वतःच वाकडा करून ठेवेल. पूर्ण ६० डेसिबलची घट साध्या हॉलमध्ये मिळत नाही, कारण खाली रस्त्याचा आवाज असतो. म्हणून पहिली २० किंवा ३० डेसिबलची घट मोजून पुढचं गणिताने काढतात. तापमान, तारीख, वेळ, किती माणसं आत होती, कोणती उपकरणं वापरली, सगळं लिहा. आणि साबिनला आठवून, अंगावर काय होतं तेही लिहा.

हे पीएच.डी. नाही. पण हा असा डेटा आहे जो नूतनीकरणानंतर कितीही पैसे खर्च करून मिळणार नाही.

इंदापूरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी आलं तेव्हा पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात गेलं. पाणी फार उतरलं की ते पुन्हा दिसतं आणि लोक बघायला जातात. मंदिर निदान अधूनमधून दिसतं तरी. त्याच्या भोवतीच्या गावाची गल्ली, विहीर, बाजाराचा आवाज पाणी उतरल्यावर परत येत नाही. तो ज्याने लिहून ठेवला असेल त्याच्याच वहीत आहे. इंदापूरच्या गढीच्या जतनाचा विषय निघतो तेव्हाही पहिला प्रश्न हाच असायला हवा: आज जे आहे त्याची पूर्ण नोंद झाली का? बदल नंतर.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय नाट्यगृह नसेल. माती असेल, बॅक्टेरिया असेल, नॅनोकण असतील, ऊस असेल. तरी तीन प्रश्न तुमच्या विषयाला लावून बघा.

एक, ‘सुधारणा झाली’ असं तुम्ही म्हणणार आहात ती कशाच्या तुलनेत? ती आधीची स्थिती तुम्ही स्वतः मोजली आहे की गृहीत धरली आहे? ठिबकने उत्पादन वाढलं म्हणताना त्याच रानाचं आधीचं उत्पादन, आधीचं पाणी, आधीची माती तुमच्याकडे लिहिलेली आहे का?

दोन, तुम्ही बदललेली गोष्ट एकच आहे ना? की खुर्चीबरोबर छतही बदललं आणि श्रेय खुर्चीला दिलं?

तीन, तुम्ही निवडलेलं ‘मूळ’ कोणत्या सालचं आहे आणि तेच का? बायरॉइटच्या लोकांना हे कारण द्यावं लागलं. आरएसीच्या मीटिंगमध्ये तुम्हालाही द्यावं लागेल.

कोल्हापूरचं नाट्यगृह पुन्हा उभं राहील, त्यात नाटकं होतील, आणि ते व्हायलाच हवं. पहिल्या प्रयोगाच्या आधी, हॉल नवाकोरा आणि रिकामा असताना, कुणीतरी तिथे शांतपणे एक फुगा फोडून नोंद करून ठेवावी एवढीच माझी इच्छा आहे. १९१५ चा आवाज कसा होता, हे आता अंदाजाने शोधावं लागेल. पुन्हा उघडलेल्या नाट्यगृहाचा आवाज मात्र पुढच्या शंभर वर्षांसाठी नोंदवता येईल, आणि त्यासाठी एक दुपार पुरते.

पुढच्या लेखात मोजमापातली चूक कशी लिहायची ते बघू: ‘१.२ सेकंद’ आणि ‘१.२ अधिक-उणे ०.१ सेकंद’ यांत फरक काय, आणि परीक्षक दुसऱ्यावर जास्त विश्वास का ठेवतो.